कलम सहा एका रेघेने खोडले आहे

मी, लीलावती दीनानाथ टेंभेकर, वय शहात्तर, निवृत्त रक्त-तपासणी तंत्रज्ञ, राहणार चॉर्लटन, मँचेस्टर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता आणि भरपूर रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. राग म्हणजे बुद्धी ठिकाणावर नसल्याचा पुरावा होत नाही, असं वकीलबाईंनी मला सांगितलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते एकच होतं आणि तेही माझ्या नवऱ्याने माझ्या वतीने टाइप केलं होतं.

हे मराठीत का, असं माझी मुलगी आसावरी विचारेल. इंग्रजीत मी एकतीस वर्षं आकडे लिहिले आणि खाली सही केली. रागावता मला मराठीतच येतं. भाषांतराचा खर्च माझ्या पैशातून करावा आणि भाषांतर करणाऱ्याने काहीही सौम्य करू नये.

कलम एक. माझं दहन साधेपणाने व्हावं. जावई हरीशराव यांनी भाषण करू नये. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम दोन. माझे दागिने, दीनानाथचं घड्याळ आणि बँकेतली निम्मी शिल्लक आसावरीला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे. ती आणि हरीशराव दोघंही शनिवारी कामाचे लॅपटॉप उघडून बसायचे, म्हणून त्यांची एकुलती एक मुलगी तनू सातव्या वर्षापासून दर शनिवारी माझ्याकडे असायची. घरात ती बॉल मारून माझ्या कुंड्या फोडायची, म्हणून मी तिला पार्कात नेलं. तिथे पोस्टमन टेरी लहान मुलांचा संघ चालवायचा. पंधरा मुलगे आणि एक तनू. तिसऱ्या शनिवारी टेरी मला म्हणाला, "लीला, बॉल कुठे येणार ते हिला आधीच कळतं." मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण माणूस खरं बोलतो आहे हे कळलं.

कलम तीन. माझं वॉशिंग मशीन टेरीच्या संघाला द्यावं. सामन्यानंतर सगळे शर्ट एकाच घरी धुवायचे आणि पालकांनी पाळी लावायची, अशी इथली पद्धत आहे. पहिल्या वर्षी पाळ्या होत्या. दुसऱ्या वर्षी सगळ्यांची मशीन्स एकदम बिघडली आणि चिखलाची पिशवी माझ्या दारात आली. ती अठरा वर्षं येते आहे. तनू संघ सोडून गेली तरी येते. हे माझं तिसरं मशीन आहे आणि त्याच्या रबरात अजून गवत आहे. बँकेतली उरलेली निम्मी शिल्लकही या संघालाच द्यावी, फक्त मुलींसाठी. तिथे कुणी मुलींची उंची मोजू लागला तर आसावरीने पैसे थांबवावेत.

कलम चार. संडासात फ्रेम करून लावलेला कागद काढून, फ्रेमसकट, टपालखर्च भरून, मूळ मालकांना परत पाठवावा. तो एका मोठ्या क्लबच्या अकादमीचा ईमेल आहे. क्लबचं नाव इथे लिहीत नाही, या शहरात अशी नावं सांभाळून घ्यावी लागतात. बाराव्या वर्षी त्यांनी तनूला टेरीकडून नेलं आणि सोळाव्या वर्षी तीन ओळींत सोडलं. तिची शरीरयष्टी पुढच्या पातळीला पुरेशी नाही, असं त्यात म्हटलं आहे. खाली कुणाची सही नाही. सोबत एक चिठ्ठी जोडावी की तिची उंची अजूनही पाच फूट दोन इंच आहे आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ती तिसरं वर्ष खेळते आहे.

कलम पाच. मैदानाकडेला मी जिच्यावर बसायचे ती हिरवी घडीची खुर्ची हरीशरावांना द्यावी. त्यांनी ती एका शनिवारी सकाळी पार्कात न्यावी आणि पाऊस असला तरी सामना संपेपर्यंत तिच्यावर बसावं. तनू अकरा वर्षांची असताना ते मला म्हणाले होते, "आई, फुटबॉल इज नॉट अ करिअर. शनिवारी मॅथ्स ट्यूशन आहे, तुम्ही प्लीज तिला एन्करेज करू नका." मी तिला ट्यूशनला सोडते म्हणून सांगितलं आणि सोडलं मैदानावर. हे खोटं मी इथे कबूल करते, पश्चात्ताप मात्र नाही. अठराव्या वर्षी तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजने फुटबॉलसाठी स्कॉलरशिप दिली, तेव्हा याच गृहस्थांनी इथल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळाला सांगितलं की आमच्याकडे पहिल्यापासून स्पोर्टचं वातावरण आहे.

आणि ते ड्राफ्टचं. कॉलेज संपलं की तिथले क्लब पाळीपाळीने खेळाडूंची नावं पुकारायचे. जो तुमचं नाव घेईल, त्याच्या गावी तुम्ही जायचं. फॉर्म तनूनेच भरला होता हे खरं, पण त्यावर गावाची पसंती लिहायला जागाच नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही सोफ्यावर बसून लॅपटॉपवर ते पाहिलं. हरीशरावांनी पेढे आणून ठेवले होते. तनूचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी विचारलं, "आणि हिला ते गाव नको असेल तर?"

"आई, इट्स ॲन ऑनर," हरीशराव म्हणाले आणि माझ्या तोंडात पेढा घातला.

कलम सहा. माझं चॉर्लटनमधलं राहतं घर. याबद्दल लिहिण्याआधी घडलं ते लिहिते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी लहरी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी तनूकडे सहा आठवडे राहायला गेले. समुद्रकाठचं शहर, तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. आइस्क्रीमच्या डब्यांत मी बाल्कनीत मेथी पेरली होती. एका मंगळवारी दुपारी मी ती निवडत बसले होते आणि तनूला फोन आला. ती उभी राहिली. मिनिटभर ऐकत होती. मग म्हणाली, "ओके. ओके. थँक यू."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आजी, मला ट्रेड केला."

"म्हणजे काय?"

"दुसऱ्या क्लबला दिला. परवा जायचा."

तिच्या बदल्यात तिच्या क्लबला काय मिळालं, हेही मी विचारून घेतलं. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एक नाव पुकारायचा हक्क मिळाला. म्हणजे माझ्या नातीच्या बदल्यात एक मुलगी, जी कोण आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती बिचारी त्या वेळी कुठल्या तरी कॉलेजात परीक्षेचा अभ्यास करत असेल आणि ती कुणाच्या जागी आली हे तिला कधी कळणारही नाही. नव्या क्लबचं शहर तीन हजार किलोमीटरवर होतं, बर्फाचं. तनूला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नाही, असा तेव्हा नियमच होता.

मी इथल्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं रक्त तपासलं. एक नळी रक्त घ्यायचं तरी आधी माणसाला विचारावं लागतं. नाही म्हणाला तर सुई परत ठेवावी लागते. आणि इथे अख्खी मुलगी उचलून दिली होती. मी तनूवरच ओरडले, कारण समोर तीच होती.

"तू थँक यू कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणायचा, आजी? असंच असतो इथे."

तिने दोन बॅगा भरल्या. मी सगळी मेथी देठापासून खुडली आणि पराठे करून तिच्याबरोबर दिले. पुढच्या भाडेकरूला एक पान मिळू द्यायचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात लीगचा नियम बदलला. ड्राफ्ट बंद झाला आणि खेळाडूच्या संमतीशिवाय तिला दुसऱ्या क्लबला देणं बंद झालं. तनूचा फोन आला, "आजी, आता माझी साइन लागतो." मी शिरा केला आणि एकटीने बसून खाल्ला. मला वाटलं, आता ही घरी येईल.

गेल्या महिन्यात समुद्रकाठच्या त्या जुन्या क्लबने तिला परत मागितलं, या खेपेला तिला विचारून. माझ्या घरापासून चाळीस मिनिटांवरच्या एका इंग्लिश क्लबनेही विचारलं. मी वरची खोली रंगवून घेतली. तनूने दोघांनाही नाही म्हटलं आणि जिथे तिला पार्सलासारखं पाठवलं होतं, त्याच बर्फाच्या शहरात आणखी दोन वर्षांसाठी सही केली.

"मला इथे आवडतो, आजी. डिफेन्सच्या बॅक लाइनमध्ये आम्ही चौघी आहोत ना, एकमेकीला बघायला पण लागत नाही."

"आणि मी?"

मी फोन आपटला आणि पुढचा परिच्छेद लिहिला:

"सदर घर माझी नात तनू हिला मिळावे. मात्र माझ्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत तिने अमेरिका सोडून या घरात कायमचे राहावयास यावे. तसे न केल्यास तिचा हक्क संपुष्टात येईल, घर विकले जाईल आणि त्यातले तिला काहीही मिळणार नाही."

वरचा परिच्छेद मी खोडला आहे. एकच रेघ मारली आहे आणि समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. पांढरा रंग फासून तो झाकायला वकीलबाई तयार होत्या, मी नाही म्हटलं. प्रयोगशाळेत चुकीची नोंद कधी खरवडत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घालायची आणि मग बरोबर नोंद करायची. यावरून मी कितीतरी शिकाऊ पोरांना रडवलं आहे. आता माझी पाळी आली.

खोडायचं कारण असं. अशी अट कायद्यात बसते, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. पण नातीला सांगितलं आहे का, असंही त्यांनी विचारलं. मला वाटलं, सांगायला काय भीती आहे. रविवारी दुपारी मी तनूला फोन लावला आणि तो परिच्छेद तिला वाचून दाखवला. 'संपुष्टात' तिला कळणार नाही म्हणून त्याचा अर्थही सांगितला. तिच्या मागे कुणीतरी मुली हसत होत्या, ताटल्या वाजत होत्या. मग ते आवाज बंद झाले. बहुतेक ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"ओके," ती म्हणाली.

"कळलं ना नीट?"

"ओके, आजी. थँक यू."

हा आवाज मी पूर्वी ऐकला आहे. मेथी निवडताना ऐकला आहे. तेव्हा पलीकडे कोण नालायक माणूस बोलतो आहे, असं मला वाटलं होतं. या वेळी पलीकडे मी होते.

मी फोन ठेवला. त्या क्लबचा राग, अकादमीचा राग, हरीशरावांचा राग, सगळे एकेक करून आठवून पाहिले. ते जागच्या जागी आहेत, कमी झालेले नाहीत. पण त्यांतला एकही त्या संध्याकाळी कामाला येईना. मला माझी लाज वाटली आणि मग लाज वाटली याचाही राग आला.

कलम सात. बरोबर नोंद. घर तनूला द्यावं. कोणतीही अट नाही. तिने विकावं, भाड्याने द्यावं, कुलूप लावून ठेवावं किंवा घेऊच नये. वरची खोली मी तिच्यासाठी रंगवली, हे तिला कुणी सांगू नये. घर तिच्या नावावर करण्याआधी तिला विचारावं आणि तिची सही घ्यावी. घर मिळणाऱ्याची सही लागत नाही, असं वकीलबाई म्हणतात. मला लागते. मात्र ती सही या कागदावर घेता येत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे ज्याला काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोने साक्षीदार म्हणून सही केली तर मिळणारं सगळं जातं. परवा हरीशराव "आई, मी करतो ना साइन, टू मिनिट्स," म्हणत पेन उघडून बसले होते. त्यांनी सही केली असती तर आसावरीच्या हाती दीनानाथचं घड्याळसुद्धा आलं नसतं. म्हणून तनूसाठी वेगळा कागद केला आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, स्वतः वाचला आहे आणि मोठ्याने म्हणूनही पाहिला आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर, त्यांनी मला आणि मी त्यांना पाहत असताना, ही सही करते आहे.

लीलावती दीनानाथ टेंभेकर

साक्षीदार:
१. डॉ. निवेदिता साठ्ये, शेजारी. मजकूर न वाचता सही केली.
२. पुष्कर देवधर, विद्यार्थी, पलीकडच्या घरातले भाडेकरू. वाचू नका सांगूनही वाचला.

स्थळ: चॉर्लटन, मँचेस्टर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

वेगळा कागद (मृत्युपत्राचा भाग नाही, आजच टपालाने रवाना)

तनू, आजीचं घर तुला हवं आहे का? एकावर खूण कर.

हो.
नको.
आत्ता सांगता येत नाही.

तिसरं उत्तरही चालेल. मी अजून आहे.

सही इथे कर, आणि खाली थँक यू लिहू नकोस.