पत्र्याच्या शेडमधल्या मशिनी कोणाच्या

मी, मोहनराव बापूराव गित्ते, वय एकाहत्तर, धंदा शेती, गावच्या सोसायटीचा माजी चेअरमन, राहणार घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, बीपीची गोळी घेतलेली आहे आणि कोणीही माझ्या मानेवर बसून हे लिहून घेत नाही. पत्नी सत्यभामा शेजारी बसली आहे, पण ती शेंगा फोडते आहे.

१. राहते घर सत्यभामा हिच्या नावे, भिंतींना माझ्या हातून पडलेल्या जादा भोकांसकट. तिने ती कॅलेंडरे लावून झाकली आहेत. घरात एवढी कॅलेंडरे का, असे पाहुण्यांनी विचारू नये.

२. ओढ्याकाठची जमीन मुलगा हनुमान व मुलगी तेजश्री यांना निम्मी-निम्मी. यावर वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

३. आता घरामागची पत्र्याची शेड. चेअरमनकी गेल्यावर वेळ जाईना, म्हणून मी तिथे पाट, स्टुले करू लागलो. ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापायची मशीन, सगळे स्वस्तातले. हौसेला तेवढेच परवडते. पण स्वस्तातही चांगले-वाईट असते, हे हनुमानला पटत नाही. तो मोबाइलवर बघून मागवतो. एकदा म्हणाला, "आण्णा, चार हजार लोकांनी पाच-पाच तारे दिलेत."

मी विचारले, "त्यातल्या किती जणांनी भोक पाडलं?"

त्याने ती ड्रिल भिंतीला लावली. भिंत तशीच राहिली, ड्रिलला जळका वास सुटला. खोक्यावर बाराशे वॉट छापलेले आणि वायर मोबाइलच्या चार्जरएवढी. तक्रार केली तर कंपनीने उलट हनुमानकडेच तारे मागितले. त्याने चार दिले. सबब, शेडमधील कोणतीही वस्तू त्यास मिळणार नाही.

४. आमच्या भागातले पुढारी विजयसिंह यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. कारण असे.

निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी तरुणांसाठी स्वावलंबन किट आणले. पिशवीत ड्रिल आणि ग्राइंडर, प्रत्येकावर साहेबांचा फोटो. मला स्टेजवर बोलावून शाल घातली. मी ग्राइंडर हातात घेऊन बघितला. पात्यावरचे झाकण बोटाने हलत होते आणि बटण दाबले की आतच रुतून बसत होते. मी हळूच म्हणालो, "साहेब, हे वाटू नका. पोरांची बोटं जातील."

साहेब माइकवरच बोलले, "आण्णा घाबरले बरं का! चालवून दाखवा आण्णा, होऊन जाऊ द्या."

लोक हसले. मी चालवला. मग तो थांबेना. झाकण उडाले, पात्याने शाल ओढली, शालीबरोबर मी ओढला गेलो, आणि मागच्या बॅनरवर साहेबांचे नाक कापले गेले. मंडळींनी स्टेजवरून उड्या टाकल्या; सर्वांत पुढे साहेब. बायकांत बसलेली माझी सून उज्ज्वला मात्र उलटी स्टेजकडे धावली आणि तिने बोर्डातून वायर उपटली. पाते माझ्या मनगटाशी येऊन थांबले.

"मामा, हात दावा बरं," एवढेच ती म्हणाली. मी दोन्ही हात पुढे केले.

हा विरोधकांचा डाव असल्याचे साहेबांनी जाहीर केले. हे किट घेऊ नका, असे मी घरोघर सांगितले, सर्वांनी घेतले. पिशवी मात्र मजबूत निघाली. आजही निम्म्या गावाची भाजी तिच्यातूनच येते. साहेब निवडून आले.

५. त्यानंतर उज्ज्वला शेडमध्ये येऊ लागली. दुकानात गेलो तर ती खोके वाचत नाही. मशीन रिकामी फिरवून टोक थरथरते का ते बघते. वायर वाकवते, झाकण हलवते. बटण सोडल्यावर पाते थांबेपर्यंत नजर काढत नाही. शेवटी विचारते, "मोटारीतला कार्बन झिजून मशीन बंद पडली तर नवा आंबाजोगाईत मिळतो का?" दुकानदार "मिळून जाईल की" म्हणाला, की ती मशीन परत ठेवते. सबब, माझ्या पश्चात शेड, सर्व मशिनी व चावी तिला. "हे बायकांचं काम हाय का?" असे हनुमानने विचारल्यास त्याने आधी स्टुलावरून उठावे. ते तिने केलेले आहे.

दुरुस्ती. वरील मजकूर वाचून दाखवताच सत्यभामा म्हणाली, "तुमी मरायची वाट तिनं कावून बघायची? चावी आत्ताच द्या की."

चावी साक्षीदारांसमोर दिली. तेव्हा कलम पाच माझ्या मरणासाठी न थांबता आजपासून लागू. मी कौतुकाने तिच्या मागोमाग शेडमध्ये गेलो. तिने मशीन सुरू करता करता वळून बघितले.

"मामा, डोळ्याला चष्मा न्हाई तुमच्या. भाईर बसा."

सबब, ही सही ओट्यावर बसून केली आहे.

मोहनराव बापूराव गित्ते

साक्षीदार:
रामेश्वर फड, घाटनांदूर
नाथा म्हाळू शेंडगे, लिंबागणेश
(दोघांनाही आत जाऊ दिले नाही.)

घाटनांदूर, दि. १६ फेब्रुवारी २०२५