बावीस परवानग्या

थॉर्नली, रविवार दुपार

प्रिय लायनेल,

मे महिना लागला की माझं पत्र येतं, याची तुला एव्हाना सवय झाली असेल. या वेळचं पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. तिथल्या नर्सबाईंना चहा आणायला सांग आणि सांग की शाळेच्या ऑफिसातल्या बेरिलचं पत्र आहे, तिला थोडक्यात लिहिता येत नाही. गुडघे कसे आहेत? माझे विचारूच नकोस.

तुझ्या जाइल्सने आपल्या गावच्या हिरवळीच्या चारी कोपऱ्यांत बांधकामाच्या खुंट्या ठोकल्यात. तू सगळे व्यवहार मुलाकडे सोपवलेस, तेव्हाच मला धाकधूक वाटली होती. चौसष्ट फ्लॅट होणार म्हणे. अख्खं उपनगर पेटून उठलंय. तीस वर्षं शेजारी राहून ज्यांनी एकमेकांना साधी मान हलवली नव्हती, ते आता माझ्या स्वयंपाकघरात बसून माझी बिस्किटं फस्त करतात. थॉर्नलीच्या इतिहासावरचं माझं पुस्तक आठवतं ना? त्याच्या दीडशे प्रती पलंगाखाली धूळ खात होत्या, त्या आठवडाभरात संपल्या. इथे आधी बदकं चरायची, मग स्टेशन आलं, सफरचंदाच्या बागा तुटल्या, तुझ्या आजोबांनी एकेक तुकडा विकला आणि एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, हे सगळं आता जो तो मलाच ऐकवतो. मधली चार एकर तेवढी आजोबांनी ठेवली, कारण त्यांच्या घोडीला दुसरीकडचं गवत चालत नव्हतं. एका घोडीच्या नखऱ्यांवर आमची जत्रा, क्रिकेट, केकच्या स्पर्धेतली भांडणं, सगळं उभं आहे. महायुद्धात तिथे बटाटे लावले होते. माझी आई सांगायची, बटाटे निघाले तशी लोकांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर गवत पेरलं.

हिरवळ गावाची की मालकाची, याची सरकारी चौकशी गुरुवारी आहे. आमच्या बाजूने मिस हॅडली नावाची तरुण वकील फुकट उभी राहतेय. हुशार आहे, पण जिभेला हाड नाही. तिने आम्हाला कायदा समजावला. लोकांनी एखादी मोकळी जागा सलग वीस वर्षं कुणालाही न विचारता, आपलीच समजून वापरली असेल, तर ती गावाची होते, तिथे वीटसुद्धा रचता येत नाही. पण मालकाच्या परवानगीने वापरली असेल, तर मालकाचीच राहते. मी विचारलं, सभ्यपणाने एखादं पत्र लिहून विचारलं असेल तर? ती हसली आणि म्हणाली, "इथे सभ्यपणाच नडतो, मॅडम. विचारलंत की गेलात." सगळे हसले. मीही हसले. घरी आले आणि जिन्यातच बसून राहिले.

कारण, मी विचारलं होतं. दर मे महिन्यात, बावीस वर्षं, जत्रा समितीची चिटणीस म्हणून. समितीने मला तसं लिहायला कधी सांगितलं नव्हतं, कुणाला ठाऊकही नाही. आणि दर वेळी आठवड्याच्या आत तुझ्या तिरक्या अक्षरात उत्तर यायचं, "यंदाही वर्षभर सर्वांनी हिरवळ खुशाल वापरावी," आणि खाली एखादी ओळ, चेस्टनटच्या झाडाला फुलोरा आला का, तुझा खोकला गेला का. ती बावीस उत्तरं बिस्किटांच्या जुन्या डब्यात आहेत. डबा कपाटातल्या स्वेटरांमागे आहे.

काल समितीचा अध्यक्ष डेस्मंड माझी साक्ष टाइप करून घेऊन आला. त्यात लिहिलंय, आम्ही कधीही, कुणाचीही परवानगी मागितली नाही. "नुसती सही कर, बेरिल. तुझ्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही," म्हणाला. तेच तर दुखणं आहे. कागद कालपासून मुरंब्याच्या बरणीखाली पडून आहे आणि मी त्याच्याभोवती फिरतेय. पाव आणायला गेले तर दुकानदारीण पैसे घेईना, म्हणाली, तुम्ही आमची हिरवळ वाचवताय. तेव्हापासून दारच उघडलेलं नाही. सही केली तर शपथेवर खोटं बोलणं आलं, आणि तुझी पत्रं कधी आलीच नाहीत असं म्हणणं आलं. नाही केली, तर डेस्मंडची नात जिथे पहिली पावलं टाकायला शिकली तिथे पाया खणतील, आणि ते माझ्यामुळे. डबा जाळायलाही घेतला होता. काडी ओढली आणि फुंकून टाकली.

मला विचारशील, की कुणी सांगितलं नसताना लिहायचीसच कशाला? लायनेल, आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कसली लाज. एकाहत्तर साली क्रिकेटच्या त्या खोपटात तू मला एकदाच विचारलंस. मी आईच्या आजारपणाचं कारण पुढे केलं, आणि तू वाट बघून बघून मार्जरीशी लग्न केलंस. चांगली बाई होती, तिच्याबद्दल माझ्या मनात कधी वाईट आलं नाही. पण एका लग्न झालेल्या माणसाला मी दुसरं कुठलं पत्र लिहू शकत होते? जत्रेची परवानगी, एवढंच एक निमित्त होतं. मला तुझं अक्षर हवं असायचं. त्या हौसेपायी मी सगळ्यांची हिरवळ घालवून बसले.

सोबत एक फॉर्म आहे. मी मिस हॅडलीला साळसूदपणे विचारलं, मालकानेच आपण होऊन जागा गावाला दिली तर? ती म्हणाली, मग चौकशीच नको, फक्त त्याची सही हवी. कागदोपत्री मालक अजून तूच आहेस, जाइल्स नाही. तो चिडेल, आणि त्याचंही काही अगदीच चुकत नाही. तू सही केली नाहीस तर मी रागावणार नाही. गुरुवारी डबा घेऊन जाईन आणि खरं ते सांगेन, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत. हे पत्र तू तुमच्या वकिलाला दिलंस तरी माझी हरकत नाही. बावीस वेळा मी तुझ्याकडे वर्षभराची परवानगी मागितली आणि तू एकदाही नाही म्हणाला नाहीस. आज परवानगी नको. आज हिरवळच मागतेय, कायमची. तू मला एकदाच विचारलं होतंस आणि मी हो म्हणाले नव्हते, हे विसरता आलं तर विसर.

चेस्टनटला फुलोरा आलाय.

पोस्टमनची वाट बघणारी,
तुझी
बेरिल