बिनकुसळाच्या भाताविषयी बायजाबाईस

मु. चौक, आश्विन वद्य पंचमी, सन १९४६

चि. सौ. बायजाबाई हीस वडील बंधू येसाजीचे आशीर्वाद. माझी प्रकृती चौथी उत्तीर्ण मनुष्यास शोभेल अशी आहे. तुझ्या गुडघ्यांचे वर्तमान कळवावे. (सदूने हे पत्र आईस सावकाश वाचून दाखवावे.)

आपल्या आईचे भात तुला स्मरत असेल. फुलोऱ्यावर आले की बांधावरून वास ओटीपर्यंत येई, आणि मळणीत त्याचीच कुसळे आपल्या बोटांत शिरत. आई सुईने कुसळ काढी. आपण रडता रडता भात शिजला का म्हणून विचारीत असू. वास ठेवून कुसळ घालवावे, असा निश्चय मी तेव्हाच केला. पुढे शेजारच्या बिनकुसळ्या भाताशी त्याची भेसळ झाली, त्यातून बारा वर्षे लोंब्या निवडल्या. (दाणा चावून वास पाहावा लागे, दोन दात त्यात गेले.) परंतु कुसळ नसे तेथे वासही नसे. शेतकी शिकणाऱ्या तुझ्या सदूने सांगितले की, हे दोन गुण एकाच दोऱ्यातील शेजारचे मणी होत. पुढील पिढीत बहुधा जोडीनेच उतरतात. क्वचित दोरा मध्येच तुटून दुसऱ्यास जुळतो, तेव्हाच ताटातूट होते. (दोरा वगळता हे मला ठाऊक होते.)

गतवर्षी ती झाली! एका रोपास वास होता, कुसळ नव्हते. मी त्याचे बी राखले आणि जुने बियाणे, विजयी मनाने, सगळे कांडून गावास जेवण घातले. यंदा वाफा डौलात उभा राहिला. दाण्यात दूध भरताच पोपट उतरले आणि दोन दिवसांत नुसता पेंढा ठेवून गेले. बांधापलीकडच्या नामाच्या कुसळाच्या भातास मात्र चोचही लावली नाही.

तुझी वहिनी सुंदरा म्हणाली, "कुसळ हाय म्हून पाखरू लांब ऱ्हातं. आमाला ठावं व्हतं की!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलंत कवा?"

कळावे,
येसाजी

ता. क. (सदूने हे मोठ्याने वाचू नये.) बायजा लग्नात आईचे बियाणे पदरात बांधून कळंबास घेऊन गेली होती. त्यातील पायलीभर, केवळ तुलनेसाठी, बाजूस काढावे.

दुसरा ता. क. (वाचलेच असेल, तर हेही वाचावे.) बायजे, आईच्या हाताची चव तुझ्यात उतरली, तशी तिची तिखट जीभही. मला चव हवी होती, जीभ नको होती, म्हणून चार भाऊबिजा मी आलो नाही. यंदा येत आहे. भात तोच शिजवावा, आणि वाढताना बोलण्यात काही वगळू नये.