बाबांनी सही केलेली पावती

मंगळवार, जानेवारी. एचएसआर लेआउट, बंगळुरू.

बाबांशी आज खोटं बोललो. टोचतंय, पण फार नाही.

आई-बाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता बाबा आजवर स्वतःच्या पेन्शनमधून भरत आले. मी भरतो म्हटलं की फोनच ठेवायचे. यंदा म्हणालो, "मी भरला तर मला टॅक्समध्ये सूट मिळते." नागपूरहून लगेच उत्तर आलं, "मग भर ना बाप्पा, आधी नाही सांगायचं?" मी ऑनलाइन भरला. पावती त्यांच्या मेलवर गेली. ती त्यांनी छापून आणली, कोपऱ्यात 'खरी प्रत' लिहून खाली सही केली आणि मला कुरिअरने पाठवली. सही कोणी मागितली होती?

आज ती ऑफिसात दिली. पगाराचं बघणाऱ्या सुनंदाअक्का, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, हसल्याच. "तू एप्रिलमध्ये नवी करपद्धत निवडलीस. तिच्यात ही सूट नाही रे. आणि जुनी घेतलीस तर तुला कर जास्तच बसतो." म्हणजे सूट शून्य. निवडताना मी वाचलं तरी काय होतं?

पावती परत आणली. ती सही पुन्हा पाहिली. निवृत्त हेडक्लार्कची, ठसठशीत, खाली तारीखसुद्धा.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "चालली ना पावती?"

"हो बाबा, चालली."

"मग आता दरवर्षी तूच भरत जा. उगाच तुझं नुकसान नको."