झाकणावरची लाल रेघ

६ जाने.
कॉलेजच्या गेटात ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी तिथंच बंद केली. युनूसभाई गॅरेजातून स्वतः आले. ऑइल मोजायची पट्टी काढली, टोक कोरडं. गाडीखाली वाकून बघितलं. "कुठं गळत न्हाई साहेब. म्हणजे पिऊन राहिली."
दाजींकडून गाडी घेतली त्याला सात महिने झाले. कधी कुरकुर नाही. आत्ताच काय झालं?
लॅबमध्ये पोरांना रोज रीडिंग घ्यायला शिकवतो मी. ही पट्टी एकदाही काढून बघितली नव्हती. धन्य.

७ जाने.
यु.भाईंनी वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं. मग म्हणाले, घरून नेलपॉलिश आणा. बायको हसली. ऑइल भरायचं झाकण आणि इंजिन दोन्हींवर मिळून एक बारीक लाल रेघ ओढली. "पंधरा दिवस रोजच्यासारखी चालवा. बोनेट उघडू नका. मग कळंल किती पिते."

१८ जाने. लातूर.
परीक्षांमुळे दीड महिन्यानं आलो. एरवी पंधरा दिवसाला फेरी असतेच. दिव्याचं सांगितलं तर दाजी म्हणाले, "वायर सैल झाली असंल."
सकाळी नेहमीप्रमाणे फडकं-बादली घेऊन गाडी धुवायला गेले. मी उठायला लागलो तर ताई म्हणाली, "झोप निवांत. त्यांना आवडतंय." दहावीनंतर मला याच घरात ठेवून घेतलं, शिकवलं. अजून माझी गाडीसुद्धा स्वतः धुतात. फार बरं वाटलं.

२२ जाने.
यु.भाईंनी पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेला. मी म्हटलं, सुटलो.
ते झाकणावर वाकले. "साहेब, हे कुणी उघडलं?"
रेघ तुटलेली. मी शपथ घेतली, कुणी हात लावला नाही. त्यांनी ऑइल बोटांत चोळलं. "हे मी भरलेलं न्हाई. लई जाड हाय. धूर दिसू नये म्हणून घालतेत असलं."
मला कळलं. नाव घेतलं नाही. विष्णुपुरीला घरापर्यंत चालत आलो.

२३ जाने.
सात महिने. प्रत्येक फेरीला सकाळी फडकं, बादली, आणि बहुतेक फडक्याखाली ऑइलचा डबा. परीक्षांमुळे फेऱ्या चुकल्या, तेव्हाच दिवा लागला. आणि मी स्टाफरूममध्ये सांगत फिरायचो, असे दाजी कुणाला मिळतात!
बिघडलेली गाडी गळ्यात मारली, तो राग आहेच. पण मी त्यात माया बघितली. त्याची जास्त चीड येते. लाजही.

३० जाने.
तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाब कमी. आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तर वाढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. वाल्वचे सीलही कडक झालेले.
"कधीपासून?"
"दोन-तीन सालाचं दुखणं हाय हे. चालवणाऱ्याला म्हाईत असणारच."

२ फेब्रु.
ताईला फोन. बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. ती म्हणाली, "तू लई खूश होतास रे. घरचीच गाडी मिळाली म्हणून नाचत होतास. त्यांना तोंड न्हवतं सांगायला."
"तुला माहीत होतं?"
"डबा मीच जिन्याखाली ठेवते."
म्हणजे "झोप निवांत" हे त्यासाठी. फोन ठेवला. ताईसुद्धा यात होती. अजून लिहवत नाही.

१४ फेब्रु.
इंजिन उघडलं. यु.भाईंनी जुनी रिंग हातावर ठेवली. काळी, पिस्टनच्या खाचेत चिकटून बसली होती. नव्या रिंगा, नवे सील. पहिले काही दिवस गाडी ताणायची नाही म्हणाले. झाकणावर पुन्हा रेघ.
दाजींचा फोन दोनदा. उचलला नाही.

१ मार्च
पट्टी बघितली. ऑइल होतं तिथंच. रेघ शाबूत. धूर नाही. गाडी बरी झाली. मी नाही.

८ मार्च. लातूर.
ताईनं तीनदा बोलावलं म्हणून आलो. इंजिनाचं काम केलं ते सांगितलं नाही. फोनवरचं तिनं त्यांना सांगितलं का, मी विचारलं नाही.
सकाळी दाजी उठले. ताई या खेपेला काही म्हणाली नाही. मी पडून राहिलो. बोनेट उघडल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं. पट्टी पुसत होते, घालत होते, काढत होते. पुन्हा पुसत होते. डबा पायापाशी, न उघडलेला.
मग गाडी धुतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ, चाकंसुद्धा.
आत आले. डबा लपवला नाही, टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.
"काम करून घेतलंस."
"हाव, घेतलं."
ताईनं चहा आणला, ठेवला, उभी राहिली.
दाजी बशीकडे बघत म्हणाले, "मग पुढच्या खेपेला गाडी धुऊ का न्हाई?"
मी म्हटलं, चहा निवतोय.