वऱ्हाडचा कास्तकार, शुद्ध भाषेत

अमरावती, पौष वद्य पंचमी, शके १७८५

परवा शाळेत वक्तृत्वाची चढाओढ आहे. माझा विषय ‘वऱ्हाडचा शेतकरी’, आणि तो मला शिकवून राहिले कोण, तर जोगमास्तर! पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली, पण कापसाच्या पऱ्हाटीचं झाड यांनी अजून जवळून पाहिलेलं नाही. आज मी ‘कास्तकार’ म्हटलं, तर नाकात तपकीर कोंबत म्हणाले, “शेतकरी म्हणा. आणि ‘मला’च्या जागी ‘मले’ पुन्हा निघालं तर बक्षीस विसरा.” स्वतःच्या धोतरावर तपकिरीचे डाग, आणि निघाले आमची जीभ धुवायला! असल्या माणसापुढे मी मान का हलवतो? बक्षिसासाठी. तेवढ्यासाठीच?

भाषण अर्ध्यावर आलं तोच बाबा दारात उभे. तेल्हाऱ्याहून कापसाच्या गाड्या घेऊन आले होते. अंगरख्याला रुई चिकटलेली. थोडं ऐकून म्हणाले, “काहून रे, कोनाचं बोलनं बोलून राहिला तू?”

मास्तरांनी तपकिरीची डबी मिटली. “हे कोण?”

“गावाकडचे आहेत एक,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांना हात जोडून म्हणाले, “हो जी, मी याइच्याच गावचा आहो.” आणि पागोटं सावरत निघून गेले.

मास्तरांची किळस येते खरी, पण खोटं त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं.

“हं, पुन्हा पहिल्यापासून,” मास्तर म्हणाले.

मी म्हटलं. शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता.