ओल बघून थेंब

माकुणसार, रविवार दुपार

सौ. वत्सलाबाय हिला दादाचे भरभरून आशीर्वाद. तुझी कंबर आता ताळ्यावर असेल, मेहुण्यांची सर्दी एकदाची गेली असेल आणि समिधा साखरपुडा झाल्यापासून आईवडिलांशीही अधूनमधून बोलत असेल, असं धरून चालतो. साखरपुड्यात तू पन्ह्याचा तांब्या लवंडून व्याह्यांचं धोतर भिजवलंस, त्यावरून आम्ही इकडे अजून हसतो. (तांब्या वाटेत कुठल्या शहाण्याने ठेवला, म्हणून तू उलट सगळ्यांवर डाफरलीस, ते तर फारच छान झालं.) आमचं विचारशील तर तुझी सुलूवहिनी ठणठणीत आहे, चिकूला बहर बरा आहे, आणि मी कामातून गेलो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापतेस आणि माझी दुखणी तुझ्या बोईसरच्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातात. म्हणून पत्र.

तर मला काचबिंदू झाला आहे. तो झाल्याला वर्ष होऊन गेलं, तुला आत्ता कळवतोय. (रागावू नकोस, पुढे रागावण्यासारखं पुष्कळ आहे.) मी पालघरला डोळे दाखवायला गेलो तो मोतीबिंदूच्या तयारीने. मोतीबिंदू आपल्या गावात घरटी एक तरी असतो. माणूस ऑपरेशन करून काळा चष्मा लावून येतो, चार दिवस ओटीवर ऐटीत बसतो आणि मग दुसऱ्यांच्या घरातली जळमटं मोजायला लागतो. मलाही तेच हवं होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा काचबिंदू, डोळ्यात दाब वाढतो, आतली नस वाळत जाते आणि कडेकडेची नजर गुपचूप कमी होते. दुखत नाही, खुपत नाही. ऑपरेशनही तूर्त नाही. दोन बाटल्या दिल्या, एक रात्रीची, एक दोन्ही वेळची, आणि सांगितलं की हे जन्मभर.

आता मला सांग, ज्या माणसाने जन्मभर झाडांना पाणी घातलं त्याला थेंब कसे घालायचे हे कोणी शिकवायचं? आपल्या वाडीत आपण घड्याळ बघून पाणी सोडतो का? बुंध्याशी हात घालायचा, ओल लागली तर ती पाळी चुकवायची, नाहीतर मुळं आळशी होतात. बाबांनी आपल्याला हेच शिकवलं. मी डोळ्याला तेच लावलं. सकाळी उठून पापणीला बोट लावायचं, डोळा ओला लागला की त्या दिवशी थेंब बंद. आणि वत्सला, या वयात डोळा कोरडा असतो कधी? सकाळी चुलीचा धूर, संध्याकाळी तुझ्या वहिनीच्या मालिका. त्यामुळे बाटली पुष्कळ दिवस पुरली. डॉक्टरीणबाईंनी उघडल्यावर महिन्याभराने ती टाकून द्यायला सांगितली होती, पण निम्मी भरलेली बाटली टाकून द्यायला आपण काय कारखानदार आहोत?

जे काही थेंब मी घातले, तेही कसे घातले म्हणतेस? पहिला मिशीवर, दुसरा कानात. मग नेम चुकू नये म्हणून बाटलीचं टोक डोळ्यालाच टेकवायला लागलो. वर खोकला सुरू झाला, रात्री छातीत शिट्टी वाजायची. मला पूर्वी दमा होता हे मी बाईंना सांगितलंच नव्हतं. (डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं काय सांगायचं, नाही का?) डोळ्यातला थेंब नाकात उतरतो आणि तिथून सगळ्या अंगात फिरतो, हे मला काय ठाऊक. सुलूने महिनाभर काढा पाजला आणि दोष चिकूच्या बहराला दिला.

त्यात शेजारचा बळवंत. पानवेलीवर औषध मारून आला तो डोळे लालबुंद. म्हणाला, आमच्याबी डोल्यात टाक की एक थेंब. आता ज्या बळवंताची शिडी आपण आणतो, पंप आणतो, लोणच्याची बरणीसुद्धा आणतो, त्याला थेंबाला नाही म्हणायचं? मी त्याच्या दोन्ही डोळ्यांत सढळ हाताने घातले, टोक टेकवून. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे दोन वाड्यांमधल्या वईच्या दोन बाजूंना चिकटलेल्या पापण्या घेऊन उभे होतो. त्याने आमच्याकडचं पाणीही प्यायचं सोडलं आहे.

खरं सांगतो, इथवर मला गंमतच वाटत होती. मग एका सकाळी मी वाडीत पाटात पडलो. जो पाट मी स्वतःच्या हाताने खणला, जो डोळे मिटूनही ओलांडला असता, त्यात मी लावायला नेलेल्या केळीच्या पोरासकट आडवा झालो. उठलो आणि गड्यांवर ओरडलो, पाट इकडे कोणी सरकवला म्हणून. तुझी वहिनी आली, चिखल पुसला आणि एवढंच म्हणाली, "पाट जागच्या जागी हाय. तुमाला दिसला नाय." आणि मला तशीच पालघरला घेऊन गेली.

तिथे एक यंत्र आहे. त्यात डोकं घालून बसायचं, बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मी हरायला नको म्हणून दिवा नसतानाही दाबत सुटलो, तर तो मुलगा म्हणाला, "अंकल, दिखे तभी दबाना." मग दिसेल तेव्हाच दाबायला लागलो, आणि वत्सला, फार वेळ काही दिसलंच नाही. कागदावर माझी नजर छापून आली, उजव्या डोळ्याची निम्मी काळी. मी बाईंना विचारलं, आता नियमाने घातले तर हे उजळेल का? त्या म्हणाल्या, "काका, गेलेलं परत येत नाही. थेंब आहे तेवढं राखतात." वाळलेलं झाड निदान तोडून तिथे दुसरं लावता येतं.

आता कारभार सुलूकडे आहे. दम्याला चालेल अशी दुसरी बाटली मिळाली आहे. सुलू साबणाने हात धुते, मला आरामखुर्चीत मान मागे टाकायला लावते, खालची पापणी ओढते आणि बाटली न टेकवता वरून एकच थेंब सोडते. मग डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा आणि दुसऱ्या बाटलीच्या आधी पाच मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ मी बोलायचं नाही हा नियम डॉक्टरांचा नाही, तिचा आहे. माझ्या सगळ्या चुका ती त्याच पाच मिनिटांत सांगते. तर असं हे उरलेलं आयुष्य. मेहुण्यांना नमस्कार, समिधेला आशीर्वाद.

तुझा अर्धामुर्धा दिसणारा,
दादा (कृष्णकांत)

ता. क. येणाऱ्या कोणाबरोबर सुके बोंबील पाठव. नवापूरचे. तेवढं एकच सुख राहिलं आहे.

ता. क. २. बोंबील नाही पाठवलेस तरी चालेल. बाईंनी मला विचारलं, भावंडं किती. म्हटलं, एक बहीण, माझ्यापेक्षा धडधाकट, कोणाचं ऐकत नाही. त्या म्हणाल्या, हे दुखणं घराण्यात उतरतं, त्यांनाही तपासायला आणा, घरी एक डोळा झाकून काही कळत नसतं. येत्या नव्हे, त्यापुढच्या मंगळवारची वेळ घेऊन ठेवली आहे. सुलू पालघर स्टेशनवर येईल. नाही म्हणायचं असेल तर फोन कर, मी समिधेला तुझ्या शेजारी बसून राहायला सांगितलं आहे, स्पीकरवर सगळ्यांना ऐकू दे.

ता. क. ३. तांब्या तुझ्या उजव्या हाताला होता. मी समोरच बसलो होतो, बाय. तो कोणी सरकवला नव्हता.